भिंतीवरची फरशी

फरशी भिंतीला टांगायची हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला मला एकदा भेटायचंय. पायाखालची वस्तू ती. आमच्या आत्यांनी तिच्यावर फतकल मारून बदाम फोडले, आम्ही पोरींनी तिच्यावर लोळून आईचा मार खाल्ला. आणि आता ती संग्रहालयाच्या मोठ्या दालनात उभी आहे, पाहुण्यासारखी अवघडून. खाली पाटी लावलीय, रोमन काळ, सागरदृश्य. आमच्या अंगणातून आणली असं त्या पाटीवर कुठेही नाही. मी तिथेच पहारेकरीण आहे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मीच सांगते, कुणी विचारो न विचारो.

फरशी म्हणजे खाटेएवढी. बारीक बारीक दगडी खडे बसवून केलेला समुद्र, त्यात मासे, आणि खालच्या कडेला एक भला थोरला मासा, डोळे वटारलेला. आमच्या घरातली मुलगी लग्न होऊन निघाली की शकुन म्हणून त्या माशावरून सात वेळा पाऊल टाकायची आणि मगच उंबऱ्याबाहेर पडायची. स्फाक्स शहराकडचे लोक बाजारातून खरा मासा आणून ओलांडतात. आमचा दगडाचा होता, त्याला वास येत नव्हता, एवढाच काय तो फरक. दोन्ही आत्या ओलांडून गेल्या, मी ओलांडून गेले. मग सरकारची माणसं आली, फरशी उचलून घेऊन गेली आणि बदल्यात मला ही नोकरी दिली. ओलांडायची राहिली ती माझी धाकटी बहीण, दलीला.

त्याच उन्हाळ्यात तिचं बेशीरशी लग्न ठरलं होतं. बेशीर आमच्याच गल्लीतला, हसरा, हातात पैसा नाही पण तोंडात मोठ्या मोठ्या गोष्टी. लग्नाआधी इटलीत जाऊन चार पैसे कमवून येतो म्हणाला आणि एका पहाटे होडीत बसून गेला. ना होडी पोचली, ना फोन आला, ना प्रेत सापडलं. गावानं लगेच निकाल लावला. फरशी घरातून गेली, म्हणून नवरा गेला. काही दिवसांनी तोच गाव म्हणायला लागला, अहो तिकडे दुसरी केली असणार त्याने. त्याची आई मात्र अजून कुणालाही तो मेला असं म्हणू देत नाही. कुणी म्हणायला गेलंच तर ताटावरून उठून जाते.

तेव्हापासून वीसेक वर्षं दलीला माझ्या घरात. माझा नवरा वारला तेव्हा तीच माझ्याजवळ होती, खोटं कशाला बोलू. पण एक बाई घरात वीस वर्षं दाराकडे कान लावून बसते तेव्हा दुसरीलाही झोप लागत नाही. मला तिचं लग्न व्हायला हवं होतं. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

मग सी मोन्सेफ आला, सी आपलं मानानं म्हणायचं. स्फाक्सचा, बायको वारलेली, मुलगी सासरी गेलेली. भाड्याची गाडी चालवतो, स्फाक्सहून आमच्या गावी आणि परत. दलीला शिवणाचं सामान आणायला त्याच्या गाडीतून जायची. आधी तो तिला पुढची सीट राखून ठेवायला लागला, मग पिशव्या दारापर्यंत आणून द्यायला लागला, मग एक दिवस बहिणीला घेऊन मागणी घालायला आला. पोट सुटलेलं, डोक्यावर केस बेताचे, पण बोलताना समोरच्याचं ऐकून घेणारा. असा पुरुष मी आयुष्यात फारसा पाहिला नाही. दलीला हो म्हणाली. मी तिच्या खोलीबाहेर उभी राहून रडले, आणि ती विचारायला आली तेव्हा कांदा चिरत होते म्हणून सांगितलं.

आणि मग हिनं काढलंच. म्हणाली, "लग्न करीन. पण निघताना आपली फरशी ओलांडूनच निघेन."

"फरशी भिंतीवर आहे, बाई," मी म्हटलं.

"मला माहितीय कुठे आहे ती."

"मग भिंतीवर चढून ओलांडणार आहेस का? पाल आहेस?"

"ते मला माहीत नाही. तू ओलांडलीस, आत्या ओलांडून गेल्या. मी ओलांडल्याशिवाय घर सोडणार नाही."

सी मोन्सेफला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे खरा मासा आणतात, मी चांगला ताजा घेऊन येतो. दलीलानं नकारार्थी मान हलवली. आमचाच हवा. तो म्हणाला, बघू, काहीतरी निघेल. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. गावात लग्न सांगून झालेलं, रजवाडा असल्यासारखी पाहुण्यांची यादी, आणि घोडं अडलं होतं एका दगडी माशाशी.

मी मादाम हायेतकडे गेले. मादाम हायेत म्हणजे आमच्या संग्रहालयाची प्रमुख, हुशार बाई, उगाच गोड बोलत नाही. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लल्ला नझीहा," त्या म्हणाल्या. वयाचा मान म्हणून मला सगळे लल्ला म्हणतात. "हे संग्रहालय आहे, लग्नाचं दालन नाही."

"ते मला कळतंय, मादाम. पण बेचाळीस वर्षांची मुलगी हातातून निसटतेय माझ्या."

"बेचाळीस वर्षांची मुलगी?"

"माझ्यासाठी मुलगीच."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "नशीब चांगलं आहे तुमचं. ती फरशी तशीही खाली उतरवायचीय. पूर्वी मागे सिमेंट ओतून लोखंडी सळ्या घातल्या होत्या, त्या गंजून फुगल्यात. राजधानीहून दुरुस्तीची माणसं येणार आहेत. दालन बंद ठेवू. फरशी जमिनीवर असेल तेव्हा तुमच्या बहिणीला एकदा आणा. पण पाऊल वरून गेलं पाहिजे. एक बोट जरी टेकलं ना, तर उद्यापासून पहाऱ्याला येऊ नका."

मी त्यांचे हात धरले. त्यांनी सोडवून घेतले.

घरी धावत गेले आणि दलीलाला सांगितलं. ती लग्नाच्या कपड्यांना मोती टाचत बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आनंदानं. माणसाला एवढ्या आनंदाची सवय नसली की असं होतं, असं मी स्वतःला समजावलं आणि चहा टाकायला गेले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. लग्नाची तारीख ठरलेली, ती हलणार नव्हती. दुरुस्तीची माणसं आज येतो म्हणायची आणि यायची नाहीत. एकदा त्यांचा ट्रक बिघडला. एकदा त्यांच्या परवानगीचा कागद अडकला. वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता, दारं आपटत होती, माझं डोकं उठलं होतं. मी संग्रहालयात असले की घराची काळजी, घरी असले की संग्रहालयाची. दिवसातून दहादा मादाम हायेतच्या दारात जाऊन उभी राहायचे. शेवटी त्या म्हणाल्या, लल्ला, तुम्ही असंच बघत राहिलात तर मीच राजधानीला निघून जाईन.

दलीला मात्र शांत. तीच तर गंमत. मेंदी लागली, बायका गाऊन गेल्या, मिठाया झाल्या, हिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, "आले का ते?" मी नाही म्हटलं की मान हलवून पुन्हा शिवायला बसायची.

"अगं, तुला काहीच कसं वाटत नाही?" मी एकदा ओरडले. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय."

"आले नाहीत तर नाही आले," ती म्हणाली.

"आणि मग मोन्सेफ? त्याला काय सांगू? आल्या वाटेनं जा?"

ती दोरा दातानं तोडून म्हणाली, "तू उगाच एवढी धावपळ करतेस, नझीहा."

उगाच म्हणे. मी ते गिळलं, कारण घरात पाहुणे होते.

माणसं आली ती नेमकी पाठवणीच्या दिवशी सकाळी. आदल्या दिवशी नगरपालिकेत लग्नाच्या सह्या झाल्या होत्या, जेवणं झाली होती, आणि दुपारी सी मोन्सेफ गाडी घेऊन न्यायला येणार होता. फोन वाजला. मादाम हायेत म्हणाल्या, "उतरवतायत. दुपारी या. लोकांची वरात आणू नका." मी भर अंगणात जमिनीवर बसले आणि देवाचे आभार मानले. मग दलीलाला म्हटलं, ऊठ, कपडे कर.

तिनं कपडे करायला एवढा वेळ लावला की मी दोनदा दार वाजवलं. बाहेर आली ती सुंदर दिसत होती, सांगायलाच हवं. हातापायांवर काळीभोर मेंदी, अंगात मोतिया रंगाचा झगा. आणि ओठ रक्त नसल्यासारखे. सी मोन्सेफ गाडी धुऊन, सदऱ्याची वरपर्यंत बटणं लावून उभा. आम्ही तिघं निघालो.  रस्त्यात मी एकटीच बडबडत होते, वारा किती आहे, ट्रक वेळेवर आला, मादाम वरून कडक पण आतून चांगली, असलं काहीबाही.

दालनात धूळ आणि भिंतीवर रिकामा चौकोन. जमिनीवर जाड फोमच्या गाद्या आणि त्यांच्यावर आमची फरशी, आडवी. वीस वर्षांनी आडवी. मी धावतच पुढे गेले आणि थांबले.

ती पालथी होती.

वर दिसत होतं ते सिमेंट. करडं, भेगाळलेलं, मधून गंजलेल्या सळ्या बाहेर आलेल्या. समुद्र नाही, मासा नाही, काही नाही. दुरुस्तीवाल्यांचा मुख्य होता रिधा म्हणून, दाढीत धूळ भरलेला. मी त्याला म्हटलं, "हे काय केलंत?"

"केलं काय? मागचं सिमेंट काढायचं म्हणजे पालथीच घालावी लागते, लल्ला. चित्रावर कापड चिकटवलंय, काळजी करू नका. मासे खाली सुखरूप आहेत."

"उलटी करा. पाचच मिनिटं."

"करू की," तो म्हणाला, "पण मग तुकडे होतील, ते तुम्ही वेचा."

मी मादाम हायेतकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. त्यांचं तरी काय चुकलं, मी फरशी जमिनीवर हवी म्हणून मागितली होती, ती जमिनीवर होती. कोणती बाजू वर, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फरशी जमिनीवर असली की मासा वरच असणार, आमच्या घरी दुसरं कधी पाहिलं होतं मी?

"मासा दिसत नाही," दलीला मागून म्हणाली. "हे चालणार नाही."

तिच्या आवाजात काय होतं सांगू? सुटका. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या बाईच्या आवाजात जीव आला होता. ती वळून दाराकडे निघालीसुद्धा. आणि मला एकदम कळलं. 

मी तिचा दंड धरला. "तुला ती खाली यायलाच नको होती."

ती दाराकडेच बघत राहिली.

"म्हणून ही अट घातलीस. फरशी भिंतीवर आहे, ती उतरणार नाही, आणि कुणी तुला दोष देणार नाही. आणि मी मूर्ख, दारोदार हात जोडत फिरतेय."

"हात सोड, नझीहा."

"नाही सोडत. मग त्याला हो कशाला म्हणालीस? सह्या कशाला केल्यास? तो काय बाहुला आहे, तुझ्या खेळातला?"

रिधाच्या माणसांचे हात थांबले होते. मादाम हायेत खिडकीबाहेर बघायला लागल्या. सी मोन्सेफ दारात उभा होता, सगळं ऐकत. मला त्याची लाज वाटली आणि तरीही माझं तोंड थांबेना. मी म्हटलं, "बेशीरसाठी. अजून बेशीरसाठी."

"हो," ती म्हणाली. "हो, बेशीरसाठी. आणि मोन्सेफला हो म्हटलं तेही खरं म्हटलं. मला त्याच्याबरोबर जायचंय. त्याच्या गाडीत बसले की मला झोप लागते, नझीहा, वीस वर्षांत कुठे लागली नाही अशी. पण तू मला समुद्र ओलांडून जा म्हणतेस. तो आहे त्या समुद्रात. मी ओलांडून गेले तर मग त्याची वाट बघणारं कोण राहिलं? त्याची आई किती दिवसांची?"

मी तिचा दंड सोडला. 

सी मोन्सेफ आत आला. मला वाटलं, आता हा लग्न मोडणार. त्यानं मोडलं असतं तर मी त्याला नावं ठेवली नसती. त्यानं तिच्यापासून थोड्या अंतरावर उभं राहून विचारलं, "त्याची फातिहा कुणी पढली का?"

 फातिहा मेलेल्या माणसासाठी पढतात. बेशीरसाठी ती कोण पढणार? त्याच्या आईनं पढू दिली नव्हती, मशिदीत कुणी नाव काढलं नव्हतं, आमच्या घरात तर तो शब्द त्याच्या नावाच्या आसपाससुद्धा येऊ दिला नव्हता. फातिहा पढली म्हणजे तो गेला. मग कधीच येणार नाही.

"नाही," दलीला म्हणाली.

"माझ्या बायकोची मी पढली," तो म्हणाला. "कबरीवर हात ठेवून. ते झाल्यावर घरी जाऊन जेवलो. त्याआधी जेवण जात नव्हतं." एवढंच बोलला. मग म्हणाला, "आज नको असेल तर आज नको. गाडी इथेच आहे. आणि घरी परत जायचं असेल तर मी सोडतो, पुढचीच सीट आहे."

दलीला बराच वेळ त्या करड्या सिमेंटकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, परत जाईल. मी मनातल्या मनात पाहुण्यांना काय सांगायचं ते जुळवायला लागले होते, तोंड कसं दाखवायचं, गाव काय म्हणेल. तेवढ्यात ती खाली बसली. नवा झगा धुळीत पसरला, तिकडे तिनं पाहिलंही नाही. फरशीच्या कडेशी गुडघ्यांवर बसून तिनं दोन्ही हात समोर उघडले, मेंदीचे तळवे वर, आणि पढायला लागली.

  सी मोन्सेफनंही हात उघडले. रिधानं हातातली छिन्नी खाली ठेवली आणि धुळीचे हात उघडले, त्याच्या माणसांनीही. कुणासाठी ते त्यांना ठाऊकही नसेल. मादाम हायेत खिडकीपाशीच होत्या, त्यांचेही ओठ हलत होते. फक्त माझे हात उठेनात. तेव्हा मला समजलं की मीसुद्धा वाट बघत होते. वीस वर्षं तिला टोमणे मारले, दाराकडे काय बघतेस म्हणून डाफरले, आणि रोज संध्याकाळी दाराची कडी शेवटी मीच लावत होते, तीही उशिरा, न जाणो म्हणून. तो गल्लीतला पोरगा. माझ्या लग्नात नाचलेला. मी हात उघडले आणि इतकी रडले की शेवटचे शब्द माझे राहूनच गेले.

दलीलानं तळवे तोंडावरून फिरवले. उठली. झगा दोन्ही हातांनी वर उचलला, आणि एक मोठं पाऊल टाकून पलीकडे गेली. बोटसुद्धा टेकलं नाही.

सात वेळा ओलांडायचं असतं. हे मी सगळ्या जगाला सांगत आलेय, मी सात वेळा ओलांडली होती, आत्यांनीही मोजून सात. माझं तोंड उघडलंही. पण सात व्हायला तिला पुन्हा अलीकडे यावं लागलं असतं.

मी हाक मारली नाही. ती पलीकडच्या दारानं उन्हात गेली, सी मोन्सेफ फरशीला वळसा घालून तिच्यामागे गेला, आणि थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. रिधानं विचारलं, "आता सुरू करू का, लल्ला?" मी म्हटलं, कर.